पुढच्या चाकाची पिछाडी

[नभोवाणीवरील भाषण]



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं, हा विषय घरांत बसून ऐकण्याचा नव्हे, एखाद्या गॅरेजांतल्या बांकावर बसून बोलण्याचा आहे. जुन्या मोटारसायकलीचा पुढला चिमटा काढून त्या जागीं नव्या गाडीचा बसविला, तर त्या गाडीच्या चालण्या-वळण्यांत काय फरक पडतो, हा तो विषय. मी कांहीं यंत्रविशारद नाहीं. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची, आणि जन्म गेला तो मुलांना भूमिति व अंकगणित शिकविण्यांत. परंतु त्याच भूमितीचा एक धडा मला वेळेवर आठवला नाहीं, आणि त्याची किंमत माझ्या पुतण्याला आपल्या खांद्याच्या हाडानें मोजावी लागली. ज्या घरांत एखादी जुनी गाडी आहे आणि एखादा उत्साही तरुण आहे, त्या घरांत हा धडा आधींच पोंचावा, एवढ्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलों आहें.

माझे थोरले बंधु वारले तेव्हां त्यांच्यामागें त्यांची मोटारसायकल पडवींत उभी राहिली. गाडीचें वय चाळीस वर्षांचें. १९ इंची चाकें, आणि दोन्ही चाकांना ड्रमब्रेक. वडिलांची गाडी पुन्हां चालती करावयाची असें पुतण्यानें मनावर घेतलें. जुने ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडत नाहींत, हें त्याचें म्हणणें अगदीं रास्त होतें. म्हणून त्यानें एका मोडीत निघालेल्या नव्या गाडीचा चिमटा, तिचें १७ इंची चाक आणि डिस्कब्रेक मिळविला, आणि एका कारागिराकडून हें सगळें जुन्या गाडीला बसवून घेतलें. काम इतकें सफाईदार उतरलें होतें कीं, जुनें कोठें संपतें आणि नवें कोठें सुरू होतें हें ओळखूं येऊं नये. पुतण्या गाडी घेऊन मला दाखवायला आला तेव्हां मीं तिच्याभोवतीं एक फेरी घातली, त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि वहिनींनीं गाडीपुढें नारळ फोडला.

पुढें तीनच आठवड्यांनीं घाट उतरत असतां एका वळणाच्या तोंडाशीं त्यानें ब्रेक दाबला. त्याच वेळीं पुढचें चाक रस्त्यावरच्या एका खांचेवरून गेलें, आणि हँडल त्याच्या हातांत डावें-उजवें असें थरथरूं लागलें कीं, त्याला तें आवरेना. गाडी दरीच्या बाजूला न जातां डोंगराच्या बाजूला पडली, ही ईश्वराची कृपा. इस्पितळांत मी त्याच्या उशाशीं बसलों होतों तेव्हां तो मला म्हणाला, "काका, एकहि नट ढिला नव्हता हो!" त्याचें म्हणणें खरें होतें. सगळें घट्ट बसलें होतें. पण घट्ट बसलेलें सगळें बरोबरच बसलेलें असतें असें नाहीं.

चूक कोठें झाली हें समजण्यास मोटारसायकल लागत नाहीं. घरांतली साधी सायकल पुरे. ती उभी करून फक्त बैठकीला धरा, आणि हळूच डाव्या अंगाला कलती करा. हँडलला कोणाचा हात लागलेला नसतांहि पुढचें चाक आपण होऊन डावीकडे वळेल. उजवीकडे कलवा, उजवीकडे वळेल. तळहातावर काठी तोलणारा मुलगा काय करतो? काठी जिकडे झुकेल तिकडे हात नेतो. चालती सायकल हेंच स्वतःच्या बाबतींत करीत असते. ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला चाक वळवून ती आपला तोल आपणच गांठते. लहान मूल सायकल शिकतें तें बव्हंशीं तिच्या या कामाच्या आड न येण्यास शिकतें, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

हा गुण पुढच्या चाकांत कोठून येतो? हँडल ज्या दांड्याभोवतीं फिरतें तो दांडा सांगाड्याच्या मानेंतून जातो, आणि तो सरळ उभा नसून मागें झुकलेला असतो. ओळंब्याच्या दोरीशीं त्याचा जो कोन होतो, त्याला आपण कल म्हणूं. रस्त्यावर धांवणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत हा कल २४ पासून ३० अंशांपर्यंत असतो. आतां या दांड्याची रेषा मनानें खालीं वाढवीत न्या. ती जमिनीला एका बिंदूंत मिळेल. चाक मात्र जमिनीला टेकतें तें आपल्या कण्याच्या बरोबर खालीं, म्हणजे त्या बिंदूच्या थोडें मागें. या दोन बिंदूंमधील अंतराला इंग्रजींत ट्रेल असें नांव आहे. आपण त्याला पिछाडी म्हणूं. कारण चाकाचें टेंकण फिरण्याच्या रेषेच्या मागें राहून तिच्यामागून ओढलें जात असतें. इस्पितळांतल्या खाटेचीं लहान चाकें आपण पाहिलीं असतील. खाट ज्या दिशेला ढकलावी त्या दिशेला तीं गरकन् फिरून मागें जाऊन बसतात. तेथेंहि हीच पिछाडी काम करीत असते.

आतां चिमट्याकडे वळूं. चिमट्याचे दोन पाय ज्या दोन आडव्या तुकड्यांनीं धरलेले असतात त्यांना आपले कारागीर टी म्हणतात. या टींत दांड्याची जागा मागें आणि पायांचीं भोंकें पुढें असतात. त्यामुळें चाकाचा कणा दांड्याच्या रेषेच्या कांहीं अंतर पुढें येतो. या अंतराला इंग्रजींत ऑफसेट म्हणतात; आपण आघाडी म्हणूं. घोड्याला आघाडी-पिछाडी असते हें आपणांस ठाऊक आहे. या घोड्यालाहि ती आहे, आणि येथें दोहोंचें नातें उलटें आहे. चाक मोठें असेल तर पिछाडी वाढते. कल अधिक असेल तर पिछाडी वाढते. परंतु आघाडी वाढली कीं पिछाडी घटते.

ज्यांना हिशोबाची आवड आहे त्यांच्यासाठीं सूत्रहि सांगून टाकतों. चाकाच्या त्रिज्येला कलाच्या साइननें, म्हणजे जुन्या ग्रंथांतल्या भुजज्येनें, गुणावें. गुणाकारांतून आघाडी वजा करावी. आणि उरेल त्याला कलाच्या कोसाइननें भागावें. उत्तर येईल ती पिछाडी. यांत मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला न येणारें असें कांहींहि नाहीं. मलाहि येत होतें. मीं तें केलें नाहीं, एवढेंच.

पिछाडीचें महत्त्व किती हें इंग्लंडांतल्या डेव्हिड जोन्स नांवाच्या एका रसायनशास्त्रज्ञानें मोठ्या गमतीनें दाखवून दिलें. कोणालाहि चालवितां येणार नाहीं अशी सायकल करावयाची, असा त्यानें संकल्प सोडला, आणि आपले प्रयोग १९७० सालीं प्रसिद्ध केले. चाक भोंवऱ्यासारखें फिरतें म्हणून सायकल उभी राहते, अशी पुष्कळांची समजूत होती. जोन्सनें पुढच्या चाकाशेजारीं उलट दिशेनें फिरणारें दुसरें चाक बसवून भोंवऱ्याचा परिणाम पुसून टाकला. तरीहि सायकल चालवितां आली. मग त्यानें चिमटा उलटा फिरवून बसविला. कणा रेषेच्या मागें गेला, पिछाडी वाढली, आणि ती सायकल ढकलून सोडून दिली तर स्वाराविना आश्चर्य वाटावें इतकी नेटकी चालूं लागली. शेवटीं त्यानें पुढचें चाक नेहमींच्या जागेहून बरेंच पुढें सरकविलें. पिछाडी नाहींशी होऊन उलटी झाली, आणि ही सायकल मात्र त्याला मोठ्या कष्टानेंच आवरतां आली. चाक तेंच, सांगाडा तोच, बसणाराहि तोच. फक्त चिमटा आणि कणा यांची जागा बदलली, आणि वाहनाचा स्वभाव बदलला.

आतां बंधूंच्या गाडीचा हिशोब मांडूं. आंकडे सोयीसाठीं थोडे गोळा केलेले आहेत. गाडीचा कल २७ अंश, टीची आघाडी ६० मिलिमीटर, आणि दोन्ही कण्यांमधील अंतर १३७० मिलिमीटर. चाकाची त्रिज्या टायरवरच्या अक्षरांवरूनच काढतां येते. जुन्या टायरवर सव्वातीन आणि १९ असे इंचांचे आंकडे होते. अशा जुन्या मापाच्या टायरची उंची त्याच्या रुंदीएवढीच धरतात; म्हणून १९ इंचांत दोन्ही बाजूंचे मिळून साडेसहा इंच मिळवले कीं व्यास साडेपंचवीस इंच, म्हणजे त्रिज्या सुमारें ३२४ मिलिमीटर. यावरून मूळची पिछाडी निघते ९८ मिलिमीटर. रस्त्यावरच्या बऱ्याच मोटारसायकलींची पिछाडी ८० ते १२५ मिलिमीटरांच्या आंतच असते. तेव्हां हा आंकडा अगदीं मध्यावर पडतो.

नव्या चाकाच्या टायरवर १००, ८० आणि १७ असे आंकडे होते. याचा अर्थ रुंदी १०० मिलिमीटर, उंची तिच्या शेंकडा ८०, आणि चाक १७ इंची. त्रिज्या सुमारें २९६ मिलिमीटर. म्हणजे जुन्या चाकाहून २८ मिलिमीटर कमी. चाक लहान झालें म्हणजे पिछाडी थोडी घटणार, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु चाक लहान झाल्यानें गाडीचें तोंडहि खालीं येतें. सगळा सांगाडा मागच्या कण्याभोवतीं पुढें झुकतो, आणि मानेचा कलच कमी होतो, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. केवळ चाक बदलल्यानें कल २७ अंशांवरून २६ अंशांच्याहि किंचित् खालीं येतो, आणि पिछाडी ९८ ची ७७ होते.

पण आमच्या गाडींत एवढ्यावरच भागलें नव्हतें. नव्या चिमट्याचे पाय जुन्यापेक्षां ४० मिलिमीटरांनीं आंखूड होते. चाकाचे २८ आणि पाय तिरपे असल्यामुळें त्यांचे सुमारें ३६, असे एकूण ६४ मिलिमीटर गाडीचें तोंड खालीं आलें. १३७० मिलिमीटर लांबीच्या गाडींत याचा अर्थ कल आणखी घटून सव्वाचोवीस अंशांच्या आसपास आला. आणि पिछाडी? ६८ मिलिमीटर. मूळच्या पिछाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहींसा झाला होता, आणि गाडीभोवतीं फेरी घालणाऱ्या माझ्या डोळ्यांना त्यांतलें कांहीं दिसलें नव्हतें.

खरें म्हणजे दिसण्यासारख्या खुणा होत्या. गाडी बाजूच्या स्टँडवर पूर्वींपेक्षां जास्त ताठ उभी राहत होती, कारण तोंड खालीं आल्यानें तो स्टँड तिला लांब पडत होता. दिव्याचा झोतहि रस्त्यावर पूर्वींपेक्षां जवळ पडत होता. पुतण्या तर आनंदानें सांगत होता कीं, हँडल आतां फुलासारखें हलकें झालें आहे! गल्लींत, बाजारांत तें हलकेपण सुखाचें वाटतें. तेंच हलकेपण वेगांत आणि खडबडीत रस्त्यावर वैऱ्यासारखें वागतें; कारण चाकाला बसलेला धक्का पुसून त्याला पुन्हां सरळ आणण्याचें काम ज्या पिछाडीनें करावयाचें, तीच उणी पडलेली असते.

त्यांत ब्रेकाची भर पडते. आजच्या दुर्बिणीसारख्या सरकत्या चिमट्याची अशी प्रकृति आहे कीं, पुढचा ब्रेक दाबला कीं तो आंत दबतो व गाडी नाक खुपसते. नाक खालीं गेलें कीं कल आणखी कमी, पिछाडी आणखी कमी. चिमटा ६० मिलिमीटर दबला असें धरलें, तर बंधूंच्या मूळच्या गाडीची पिछाडी ९८ वरून ८३ पर्यंत उतरली असती. फेरफार केलेल्या गाडीची ६८ वरून ५५ वर आली. मागची बाजू उचलली जाते ती येथें धरलेलीच नाहीं. शिवाय डिस्कब्रेक जुन्या ड्रमब्रेकाहून जोरकस, म्हणून चिमटा दबणारहि अधिक. ज्या क्षणीं आधार सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्या क्षणीं तो सर्वांत कमी होता.

आतां ज्या वस्तूनें हें सर्व टळलें असतें, ती वस्तु कोणती? नव्या गाडीची टी. कारागिरानें नव्या चिमट्याचे पाय घेतले, पण टी जुनीच ठेवली. तिचीं भोंकें थोडीं मोठीं करून पाय त्यांत बसविले. नवी टी मोडींतच पडून राहिली. लहान चाकाच्या आणि कमी कलाच्या आजच्या पुष्कळ गाड्यांना आघाडी मुळांतच कमी दिलेली असते, ती याच हिशोबानें. त्या टीची आघाडी होती ३० मिलिमीटर. तेंच १७ इंची चाक, तेच आंखूड पाय, परंतु ही टी, असा हिशोब केला तर पिछाडी येते १०१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मूळचीच. चाक, पाय आणि टी हीं तिघें एकमेकांसाठीं केलेलीं भावंडें होतीं. त्यांतल्या दोघांना घरांत घेतलें आणि तिसऱ्याला दाराबाहेर ठेवलें.

मात्र यावरून नवी टी म्हणजे सर्व रोगांवर औषध, असें कोणी समजूं नये. चाक १९ इंचीच ठेवलें, पायांची लांबी जुन्याइतकीच ठेवली, आणि टी तेवढी ३० मिलिमीटर आघाडीची घातली, तर पिछाडी ९८ ची १३१ होईल. अशी गाडी सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी जाईल. पण वळणावर जड लागेल, आणि सावकाश चालवितांना तिचें चाक एका अंगाला कोलमडूं पाहील. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटामुळें ज्या लांबलचक चिमट्याच्या गाड्या जगभर लोकप्रिय झाल्या, त्यांत हीच अडचण आहे. चिमटा लांब केला कीं तोंड वर जातें, कल वाढतो आणि पिछाडीहि वाढते. पिछाडी कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगली असा हा प्रकार नाहीं. ज्या गाडीला जितकी नेमून दिली आहे तितकी असावी.

गाड्या करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक आहे. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कारखान्यानें १९५५ सालापासून आपल्या कित्येक गाड्यांना अर्ल्स या इंग्रज रचनाकाराच्या पद्धतीचा चिमटा घातला. त्या चिमट्याच्या खालच्या दांड्याला बसविण्यासाठीं दोन निरनिराळ्या जागा ठेवलेल्या असत. एक एकट्या गाडीसाठीं आणि दुसरी साइडकार जोडलेल्या गाडीसाठीं. साइडकार जोडलेली गाडी वळणावर कलत नाहीं, तिला हँडलाच्या जोरानेंच वळवावें लागतें. म्हणून तिथें पिछाडी कमी लागते. इंग्लंडांतल्या व्हिन्सेंट गाडीच्या चिमट्यांतहि साइडकारसाठीं पिछाडी बदलण्याची सोय होती. चिमटा तोच, गाडी तीच. पण काम बदललें कीं पिछाडी बदलावी लागते हें जाणून त्यांनीं आधींच तजवीज करून ठेविली होती. आपण गाडीचें सबंध तोंडच बदलतों, आणि एक माप घेण्याची तसदी घेत नाहीं.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हँडलाच्या थरथरीचा सगळा दोष एकट्या पिछाडीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्यानें १९७१ सालीं मोटारसायकलीच्या स्थैर्याचें गणित मांडलें. त्यांत त्यानें पुढच्या चाकाची जलद थरथर आणि सबंध गाडीचें सावकाश डोलणें हे दोन वेगळे विकार वेगळे करून दाखविले. आणि टायरचे गुण हिशोबांत धरल्याशिवाय हें गणित सुटत नाहीं हेंहि दाखविलें. पुढें २०११ सालीं हॉलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं तर अशी एक प्रायोगिक सायकल केली कीं, जिला पिछाडी नव्हती, भोंवऱ्याचा परिणामहि नव्हता, तरी वजनांची मांडणी विशिष्ट रीतीनें केल्यामुळें ती आपली आपण तोल सांभाळीत असे. तेव्हां विषय खोल आहे. आमच्या गाडीचा मागचा टायरहि झिजलेला होता. त्याचाहि त्या अपघातांत वांटा असेल. परंतु टायरची झीज, मानेंतल्या गोळ्यांचा ढिलेपणा, चाकाचा असमतोल, या गोष्टी कारागीर तपासतो आणि बदलतो. पिछाडी मात्र कोणीच तपासीत नाहीं, कारण ती हाताला लागत नाहीं आणि डोळ्यांना दिसत नाहीं. ती एक रेषा आहे, आणि तिचें एक टोंक हवेंत आहे.

ती दिसावी कशी, तें आतां सांगतों. गाडी सपाट फरशीवर उभी करा. एकानें तिच्यावर बसावें, व दुसऱ्यानें पुढचें चाक अगदीं सरळ धरावें. चाकाच्या कण्याच्या टोंकापासून ओळंबा सोडा, व तो जेथें टेकेल तेथें खडूनें खूण करा. मग एक लांब सरळ पट्टी घेऊन ती गाडीच्या बाजूनें, सांगाड्याच्या मानेशीं समांतर धरा. मानेच्या मध्यरेषेशीं ती जुळली आहे हें बाजूला दूर उभें राहून एका डोळ्यानें पारखा. पट्टीचें खालचें टोंक फरशीला टेकेल तेथें दुसरी खूण करा. दोन्ही खुणांमधलें पुढें-मागें जें अंतर, ती आपल्या गाडीची पिछाडी. चार-पांच मिलिमीटरांची चूक होईल. पण ९८ आणि ६८ यांमधला फरक या पद्धतीला पुरेपूर सांपडतो. दहा मिनिटांचें हें काम आहे.

हें माप गाडी खोलण्यापूर्वीं घ्यावें, आणि त्याच वेळीं मानेच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंचीहि लिहून ठेवावी. जुन्या व नव्या टीवर दांड्याच्या मध्यापासून दोन्ही पायांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचें अंतर मोजावें. कांहीं चिमट्यांत, विशेषतः डोंगरमातींत चालविण्याच्या गाड्यांच्या, कणा पायांच्या रेषेंत नसून आणखी पुढें बसविलेला असतो. तेवढें अंतर आघाडींत मिळवावें. मग सूत्र घालून उत्तर काढावें, आणि त्यानंतरच लोखंडाला करवत लावावी. आणखी एक सूचना. मागच्या बाजूला उंच स्प्रिंगा घातल्या तरी गाडीचें तोंड तितकेंच खालीं झुकतें. तेव्हां "पुढें मीं कांहीं केलेंच नाहीं" असें म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये. हँडल थरथरतें म्हणून त्याला डँपर लावणें हाहि खरा उपाय नव्हे. चुकलेलें माप तो दाबून धरील, दुरुस्त करणार नाहीं.

जुनी गाडी जशीच्या तशी ठेवावी, तिला हातच लावूं नये, असा माझा आग्रह नाहीं. आपल्याकडे जुन्या गाड्यांवर जीव टाकणारीं घरें पुष्कळ आहेत. मद्रासला १९५५ पासून होऊं लागलेल्या एन्फील्डच्या बुलेट, म्हैसूरला १९९६ पर्यंत होत असलेल्या जावा आणि येझदी, १९८५ ते १९९६ या काळांतली यामाहाची आरएक्स १००, या गाड्या आजहि आपल्या रस्त्यांवर दिसतात, आणि त्यांच्यामागें कोणाचे ना कोणाचे वडील, काका, मामा उभे असतात. त्यांना चांगला ब्रेक हवा, ही मागणी योग्यच आहे. पुष्कळदां तर मूळच्याच चिमट्यांत मूळच्याच मापाच्या चाकाला डिस्कब्रेक बसविण्याची तोड निघूं शकते. मग भूमितीला धक्काच लागत नाहीं. मात्र कायदाहि ध्यानांत असूं द्यावा. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळच्या रचनेंत मालकाला मनाला येईल तो फेरफार करतां येत नाहीं. काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें हें शहाणपणाचें.

आमच्या गाडीचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. पुतण्याचा हात गळ्यांतल्या झोळींतून मोकळा झाल्यावर आम्हीं दोघांनीं पडवींत गाडी उभी केली. जुना चिमटा आणि जुनें चाक कोपऱ्यांत होतेंच. मीं फरशीवर खडूनें रेघा ओढल्या, त्यानें पट्टी धरली, आणि वर सांगितलेला सर्व हिशोब आम्हीं पाटीवर मांडला. ६८ हा आंकडा निघाला तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, हें तुम्ही आम्हांला नववींत शिकवलं होतं." मीं मान खालीं घातली. शिकविलें होतें खरें; फक्त तें फळ्यावरच्या त्रिकोणाचें असतें, गाडीचें नसतें, अशी समजूत त्याची झाली होती, आणि माझीहि.

त्यानंतर नव्या गाडीची टी शोधून आणली, जाणत्या कारागिराकडून तिला जुन्या सांगाड्याच्या मानेजोगता दांडा व गोळ्यांचा संच बसवून घेतला, मागचा टायर बदलला, आणि पुन्हां माप घेतलें. सुमारें दहा सेंटिमीटर भरलें. मग या कामाच्या मंजुरीचे कागद रीतसर पुरे केले, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर आली. हँडल आतां फुलासारखें हलकें राहिलेलें नाहीं. वहिनींनीं या खेपेलाहि नारळ आणून ठेवला होता. पण त्यांनीं तो हातांत घेऊन माझ्याकडे पाहिलें, आणि मीं खुणांवरचें अंतर पुन्हां एकदां मोजून मान डोलविल्यावरच तो फोडला. आपल्याहि घरीं असा प्रसंग आला, तर क्रम तेवढा हाच ठेवा. आधीं ओळंबा, मग नारळ.